एकच सीट पांढरी

ताडपत्री ओढली तेव्हा आधी वास आला आणि मग सीटा दिसल्या. पावसाळ्याच्या तोंडावर झाकून ठेवल्या तेव्हा त्या पांढऱ्याशुभ्र रेग्झिनच्या होत्या. आता त्यांच्यावर काळे-हिरवे ठिपके एकात एक मिसळले होते, शिवणीच्या रेषेरेषेत काळं बसलं होतं, आणि पाठ टेकायच्या बाजूला बुरशीची बारीक लव आली होती. जेमतेम एक हंगाम चाललेली बोट आणि तिची ही दशा.

आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतभाऊ माझ्या मागेच उभे होते. ते बोटीभोवती एक चक्कर मारून आले, आत वाकले आणि चालकाच्या सीटवरून त्यांनी तळहात फिरवला. तळहात उलटा करून पाहिला. थोडी धूळ होती, बाकी काही नाही.

"साऱ्या सीटा सडल्या," ते म्हणाले, "अन् तुहीच सीट काऊन पांढरी आहे, रंजीता?"

मी पाहिलं तर खरंच होतं. बसणाऱ्यांच्या सगळ्या सीटा काळ्या आणि स्टिअरिंगमागची माझी एकटी सीट जशीच्या तशी. मला राग पटकन येतो, आणि प्रश्न रागापेक्षाही पटकन पडतात. त्या वेळी दोन्ही एकदमच झालं, त्यामुळे तोंडातून शब्द फुटला नाही. आणि गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच दिसतो.

"आपली तेवढी पुसून ठेवली, लोकाइची सडू देल्ली," गुणवंतभाऊ म्हणाले. "रविवारी सभा आहे. यंदा बोट कोनाकडे द्याची, ते तिथीच पाहू."

कोणाकडे म्हणजे पवनकडे, हे मला सांगायची गरज नव्हती. पवन सोसायटीचा ट्रॅक्टर चालवतो आणि बोट आली त्या दिवसापासून तिच्याकडे टक लावून आहे.

बोट माझ्याकडे कशी आली ते सांगते. मी ऊर्जानगरची, वीज केंद्राच्या वसाहतीतली. वडील तिथल्या कँटीनमध्ये होते आणि आमच्या घरी मासे बाजारातून पिशवीत यायचे. लग्न करून या गावी आले तेव्हा जाळ्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हेही मला कळत नव्हतं. नवरा, सुरेंद्र, घुग्घुसला सिमेंटच्या कामावर, महिन्यातून एकदोनदा येणारा. जंगल बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी तलावात मोटारची बोट आली आणि ती चालवायला कोण शिकणार असं सभेत विचारलं, तेव्हा पुरुषमंडळी एकमेकांकडे बघत बसली. कोणाचं धान होतं, कोणाची जाळी होती. मी हात वर केला. का केला, मला अजून सांगता येत नाही. इंजिन आतून कसं चालतं ते बघायचं होतं, हे एक कारण नक्की.

माझे सासरे शालिकरामभाऊ, ज्यांना मी मामाजी म्हणते, त्या सभेत होते. त्यांनी जन्मभर या तलावात डोंगा वल्हवला. खांदा निकामी झाला तेव्हा कुठे वल्हं खाली ठेवलं. सून बोट चालवणार यावर ते चांगलं बोलले नाहीत की वाईट बोलले नाहीत. मात्र अख्ख्या हंगामात ते एकदाही माझ्या बोटीत बसले नाहीत. मी बोलावलं की म्हणायचे, "मले काम आहे." काम म्हणजे अंगणात बसून जाळी विणणं.

ती बोट गेली असती तर मी परत काय झाले असते? शालिकरामभाऊंची सून, सुरेंद्रची बायको. त्यात वाईट काही नाही. पण पाण्याच्या मधोमध गेल्यावर इंजिन बंद करायचं आणि सगळे गप्प होतात ते ऐकायचं, ते फक्त माझं होतं. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

सीटा सोडवून मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, आणल्या आणि चिंचेच्या सावलीबाहेर, उन्हात, ओळीनं मांडल्या. मग त्यांच्याकडे बघत बसले. ताडपत्री एकच, पाऊस एकच, दमट हवा सगळ्यांना सारखी. मग बुरशीनं माझीच सीट का सोडली? शेजारच्या वच्छलाबाई पाणी भरायला आल्या, त्यांनी कळशी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"वटवाघळं मुतली असन," त्या म्हणाल्या. "चिचेवर लय आहेत."

"ताडपत्री होती ना वरून, वच्छलाबाई."

"मंग तिले भोक असन."

मी ताडपत्री डोक्यावरून घेतली आणि आतून उजेडात धरून इंच न् इंच तपासली. भोक नव्हतं. वच्छलाबाईंना ते आवडलं नाही. माझी सीट इंजिनच्या जवळ, म्हणून गरम राहत असेल का, असंही मनात आलं. पण इंजिन तर काढून सोसायटीच्या खोलीत ठेवलेलं. खरं सांगायचं तर तोवर माझा राग कुठच्या कुठे गेला होता. मला फक्त कळून घ्यायचं होतं.

सुरेंद्रला फोन केला. त्याचं उत्तर एका शब्दात, "ब्लीच." मी आधी एका सीटच्या खालच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे थोडं लावून पाहिलं. डाग फिका झाला, पण रेग्झिन पिवळं पडलं आणि शिवणीचा दोरा नखानं ओढला तर तुटला. ब्लीच तिथेच थांबवलं. सुरेंद्रचे बरेच सल्ले असे असतात.

मग तोंडाला ओढणी बांधली, वारा पाठीमागून घेतला आणि मऊ ब्रशनं कोरडी लव झाडून काढली. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून, फेस करून, पहिल्या सीटला हात घातला. फेस मेला. बादलीत हा एवढा होता आणि सीटवर टेकवला की पाणी. पुन्हा साबण घेतला, पुन्हा तेच. मी माझी पांढरी सीट आणली आणि तिच्यावर तोच फडका फिरवला. तिच्यावर फेस छान राहिला.

हे मला माहीत होतं. तेलकट कढई घासताना पहिल्या हाताला असंच होतं.

मी काळ्या सीटवर बोटं चोळली. चिकट लागली. नाकाजवळ नेली तर बुरशीच्या वासाखाली आणखी एक वास होता, पण धरता येईना. तोवर ऊन चढलं, सीटा तापल्या, आणि तो वास आपणहून वर आला. तो ओळखायला मला कोणाची गरज नव्हती. थंडीत रोज संध्याकाळी मी तो चुलीवर गरम करते आणि मामाजींना खांद्याला चोळायला वाटीत देते. टोरीचं तेल. मोहाच्या बियांचं.

म्हणजे पावसाळ्याआधी कोणीतरी ताडपत्री वर करून बसणाऱ्यांच्या एकेका सीटला तेल चोळलं होतं, तेही शिवणीत बोट घालून, मन लावून. रेग्झिन काही बुरशीला खाता येत नसेल, पण तेल येतं. त्यावर धूळ बसली, वरून ताडपत्री, खालून तलावाची वाफ. चार महिने बुरशीची पंगतच झाली असणार. माझ्या सीटवर तेल नव्हतं, म्हणून तिथे तिचं पान मांडलेलं नव्हतं.

कोडं सुटल्याचा आनंद मला घरापर्यंत पुरला. दारात पोचले तेव्हा तो पुरता संपला होता.

मामाजी अंगणात जाळं विणत बसले होते. मी सरळ आत गेले, त्यांच्या खाटेखालचा तेलाचा डबा ओढला. उन्हाळ्यात गळ्यापर्यंत भरलेला होता. आता तळाशी थोडंसं उरलं होतं, एखाद्या सीटपुरतं. मी डबा घेऊन बाहेर आले.

"मामाजी, टोरीचं तेल कुठी गेलं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "लागलं."

"कुठी लागलं?"

"जिथी लागाचं तिथी," ते म्हणाले आणि गाठ मारायला लागले.

मला खूप काही बोलायचं होतं. तुमच्यामुळे माझी बोट हातची चालली, हे तर जिभेवरच होतं. पण दुसरीच गोष्ट मनात टोचली आणि तिनं मला गप्प केलं. यांनी साऱ्या गावाच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांच्या सीटांना तेल लावलं. माझी तेवढी सोडली. डब्यात तेल उरलेलं असताना सोडली. सून बोट चालवते हे त्यांना पसंत नाही, एवढं मला वाटतच होतं. पण ते असं समोर मांडून ठेवलेलं दिसेल असं वाटलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा त्याहून जास्त राग आला.

डबा जागेवर ठेवला आणि मोठं घमेलं आणायला मागच्या छपरीत गेले. तिथे आमचा लाकडी डोंगा भिंतीला टेकून उभा असतो. सुरेंद्र दर उन्हाळ्यात येतो तेव्हा त्याला तेल लावून जातो, त्यामुळे डोंगा काळाभोर, तुकतुकीत. मध्ये एक आडवी फळी आहे, मामाजींची वल्हवायला बसायची. ती तेवढी कोरडी, पांढरट, दोन ठिकाणी चिरलेली. एवढा डोंगा चोळतो आणि फळी सोडतो, सुरेंद्र म्हणजे कामचुकारच, असं म्हणत मी घमेलं उचललं.

आता काय करायचं ते मला माहीत होतं. आधी तेल काढायचं, मग बुरशी. कोमट पाणी आणि साबण, फेस टिकेपर्यंत, सीट पालथी करून पुन्हा. मग चौकातल्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून व्हिनेगरची बाटली आणली. तो म्हणाला, एवढ्याचे किती नूडल्स होतात माहीत आहे का. व्हिनेगरमध्ये पाणी घालून फडका भिजवायचा, डागावर पांघरायचा आणि आपण जरा वेळ तलावाकडे बघत बसायचं. मग पुसायचं. शिवणीतलं काळं जुन्या टूथब्रशनं, दोऱ्याच्या दिशेनं, हलक्या हातानं. सीटांच्या खालची प्लायवूडची फळी सैल करून आतला फोमही वाऱ्यावर धरला, कारण तो ओला राहिला तर सगळी मेहनत आठवड्यात वाया.

काळं पाणी वाहायला लागलं आणि खालून पांढरं दिसायला लागलं, तेव्हा वच्छलाबाईसुद्धा पदर खोचून बसल्या. "कायचा डाग होता मंग?" त्यांनी विचारलं.

"मालूम नाई," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले, त्याचा विचार मी रविवारपर्यंत करत होते. सभेत खरं सांगितलं असतं तर माझ्यावरचा आळ गेला असता. पण मग सगळा तलाव हसला असता. ज्या माणसाला विचारल्याशिवाय इथे कोणी खोल पाण्यात डोंगा घालत नव्हतं, त्यानं प्लास्टिकला तेल चोळलं, ही गोष्ट लग्नकार्यातून सांगितली गेली असती. माझी सीट त्यांनी सोडली असेल, पण थंडीत तो खांदा कसा दुखतो हे मी पाहिलेलं आहे. मी ठरवलं, बोलायचं नाही. ठरवल्यावरही धुसफुस चालूच होती, ती काही थांबली नाही.

रविवारी पाळीवर सभा भरली. सीटा बोटीत बसवल्या होत्या. दोन सीटांच्या शिवणीत करडी सावली राहिली होती, बाकी सगळ्या पांढऱ्या. गुणवंतभाऊंनी एकेकीवर हात फिरवला, वास घेतला. माणूस वाईट नाही तो. सोसायटीची वस्तू त्याला स्वतःच्या बैलासारखी वाटते, एवढंच.

"धुतल्या चांगल्या," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "पण माह्या प्रश्नाचं उत्तर नाई भेटलं. तुही सीट काऊन वाचली?"

"मले मालूम नाई, गुणवंतभाऊ."

"ज्याले लोकाइच्या जागेची फिकीर नाई, त्याच्या हाती लोकं कशे द्याचे?"

पवननं घसा साफ केला. मी जमिनीकडे पाहिलं. मागून कोणीतरी उठल्याचा आवाज आला, गुडघे वाजले, आणि मामाजी पुढे आले.

"तेल म्या लावलं," ते म्हणाले.

गुणवंतभाऊंना आधी कळलंच नाही. "कायले?"

"सीटाइले. टोरीचं. पावसाआगुदर डोंग्याले लावतो, तसं लावलं. लाकूड फाटते, म्हणलं हे बी फाटन. त्याच्यानच बुरशी आली असन. पोरीनं घरी डबा पाह्यला, मले काई बोल्ली नाई. इथीबी बोलून नाई राह्यली."

मागे दोघंतिघं हसले. मला जी भीती होती ती हीच. गुणवंतभाऊ हसले नाहीत, पण त्यांचा प्रश्न अजून तिथेच अडकला होता.

"मंग हिचीच सीट काऊन सोडली, शालिकभाऊ?"

मामाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू धिवराच्या पोटी जन्मलेल्या माणसानं हे विचारावं याचीच लाज वाटली.

"ते तिची बैठक आहे," ते म्हणाले. "म्या कसं लावन? ते जित्ती आहे ना अजून."

हसणारे सरळ होऊन बसले. गुणवंतभाऊंनी मान खाली घातली. सगळ्यांना काहीतरी कळलं होतं आणि मी एकटी वेड्यासारखी इकडून तिकडे बघत होते. वच्छलाबाईंनी माझा दंड धरून मला जवळ ओढलं.

"तुले नाई मालूम?" त्या हळूच म्हणाल्या. "साऱ्या डोंग्याले घरचं कोनीबी तेल लावते. पन वल्हं मारनाऱ्याच्या फळीले दुसऱ्यानं हात नाई लावाचा. ज्याची फळी, त्यानंच लावाचं. तो मेला का मंग पोरगा लावते, अन् त्या दिसापासून ते फळी पोराची."

मला छपरीतली कोरडी, चिरलेली फळी दिसली. सुरेंद्र कामचुकार नव्हता. त्या फळीला त्याला हात लावता येत नव्हता, आणि तिच्या मालकानं वल्हं खाली ठेवलं त्या दिवसापासून तिला तेल लावणं सोडलं होतं. म्हणून ती वाळत होती. आणि माझी सीट म्हणे तिच्याच जातीची होती. हे मला सोडून घरात मामाजींना, आणि आता पाळीवर सगळ्यांना, माहीत होतं.

डोळ्यांत पाणी आलं. सभेत रडायचं नाही असं मी खूप आधी ठरवलेलं होतं, त्यामुळे मी भलतंच विचारलं. "मंग डब्यात थोडं ठेवलं, ते कायले?"

"तुह्या वाट्याचं," मामाजी म्हणाले. "तू लावशीन म्हनून ठेवलं. तू लावलंच नाई. म्हणलं ऊर्जानगरची आहे, इसरली असन."

गुणवंतभाऊंनी खिशातून इंजिनची चावी काढली. भाषण करायची त्यांना सवय आहे, पण त्या दिवशी केलं नाही. चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "यंदा ताडपत्री आठ दिसाआड उघडून हवा देत जा." पवन ट्रॅक्टरकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्यटक यायच्या आधी इंजिन तपासायला मी बोट पाण्यात लोटली. मामाजी पाळीवरून खाली येताना दिसले. आज त्यांना काम नसावं. काठाशी आले, पुढच्या सीटवर हात फिरवला, नखानं शिवण खरवडून पाहिली.

"मंग याले लावतेत तरी काय?" त्यांनी विचारलं. खरोखर जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"काईच नाई, मामाजी. पुसाचं अन् कोरडं ठेवाचं. हवा लागली पाह्यजे."

"काईच नाई?"

"काईच नाई."

त्यावर त्यांनी बराच विचार केला. पटलं नाही, पण सोडून दिलं. मी म्हणाले, "या, बसा." ते हलले नाहीत. पाण्यात घोट्यापर्यंत उभे, दुखरा हात बोटीच्या कडेला धरून. मी पुन्हा म्हणाले, "या ना, हात देते."

"तू बैस आगुदर," ते म्हणाले. "वल्हंवाला बसल्याबिगर डोंग्यात कोनी चढत नाई."

माझी सीट स्वच्छच होती. तरी मी ओढणीच्या टोकानं ती पुसली, आणि बसले.